पोराची घाई आणि मामाजींची लाज: हायड्रोसीलचं ऑपरेशन आधी कुणाचं?

सावलीकर
आमच्या घरात दोघांना हायड्रोसील आहे, म्हणजे अंडकोषाच्या पिशवीत पाणी साचलंय. लेक ९ महिन्यांचा. उजवी बाजू सकाळी लहान असते, संध्याकाळपर्यंत लिंबाएवढी होते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ६१ वर्षांचे, २० वर्षांपासून धोतरात नारळाएवढं ओझं वागवतात. सायकल सुटली, धानाच्या रोवणीला बांधीत उतरणं सुटलं. लोकांना सांगतात, गुडघे दुखतात.

घरचे म्हणतात, लेकाचं लगेच कापून घ्या, मामाजींना या वयात कशाला त्रास? माझं मत नेमकं उलट आहे. गर्भात गोटी (वृषण) पोटातून खाली उतरते, ती वाट जन्माच्या सुमारास मिटते. आमच्या बाळाची उघडी राहिली, म्हणून पोटातलं पाणी पाझरतं. बहुतेक बाळांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप मिटते. डॉक्टरांनी अंधारात टॉर्च लावून दाखवली, सगळी पिशवी लालसर उजळली, म्हणजे आत पाणीच आहे. मामाजींचं मात्र आपोआप जाणार नाही.

निशिगंध
ताई, "थांबा" असं सरसकट लिहू नका. आम्हीही थांबलो होतो. एका रात्री पोराचं रडणं थांबेना, गाठ दगडासारखी कडक, वर उलट्या. त्याच वाटेनं आतडं उतरून अडकलं होतं. रात्रीच ऑपरेशन झालं. ज्यांच्यापासून मोठा दवाखाना ६० किलोमीटरवर आहे, त्यांनी कशाच्या भरवशावर थांबायचं?

रात्रपाळी
मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. निशिगंध म्हणतात तो हर्निया, आणि हर्निया कळला की थांबायचं नसतंच. सावलीकर, टॉर्चवर विसंबू नका. तान्ह्या बाळाचं आतडंही उजेडात चमकतं. सर्जननी हातानं तपासून नुसतं पाणी आहे म्हटलं, तरच थांबा. दोन वर्षांनंतरही राहिलं तर जांघेत छोटा छेद घेऊन ती वाट बांधतात. आणि अचानक दुखरी सूज आली तर त्याच तासाला निघा. गोटीला पीळ पडला असेल तर सहा तासही फार होतात.

वैनगंगा
बाळाचं पटलं. पण म्हाताऱ्या माणसाला कशाला कापता? माझ्या वडिलांचं तीनदा सुईनं पाणी काढलं, दहा मिनिटांत मोकळे. शेजारच्या काकांनी ऑपरेशन केलं, तर आत रक्त साकळून महिनाभर अंथरुणात होते.

रात्रपाळी
दादा, तीनदा काढावं लागलं, कारण पाणी तयार करणारं अस्तर आत तसंच राहतं. ऑपरेशनमध्ये ते कापतात किंवा उलटवून शिवतात. सुईतून जंतू गेले तर पू होतो. लहान मुलाला तर सुई लावूच नये. रक्त साकळतं हे खरं आहे. म्हणून शुगर आधी आटोक्यात आणायची, नंतर लंगोट घट्ट बांधायचा. आणि आधी सोनोग्राफी. तरुण माणसात नव्यानं पाणी झालं तर त्यामागे गोटीची गाठ लपलेली असू शकते.

आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे मोठ्या माणसांत हत्तीरोग हे मोठं कारण. गटारातल्या क्युलेक्स डासातून जंत शिरतो, अंगातला पाझर वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्यांत ठाण मांडतो, पाणी वर्षांनी दिसतं. रात्री रक्त घ्यायला येतात ते यासाठीच. जंताची पिल्लं रात्री रक्तात उतरतात. हत्तीरोगावरची डीईसीची गोळी ती पिल्लं मारते, पण भरलेली पिशवी उतरवत नाही. हत्तीरोग कार्यक्रमात हे ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं.

वैनगंगा
सुईचं मान्य. तरी एक विचारतो: दुखत नसेल, अडत नसेल तर डॉक्टरही राहू द्या म्हणतात. तुम्ही सगळे ठरवताय, मामाजींना कुणी विचारलं का?

सावलीकर
अडत नाही कसं? माणसानं सायकल सोडली. पण विचारलं नव्हतं, हे खरं. मी सून, मी कशी विचारणार? काल यांनी ओसरीवर विषय काढला. मामाजी बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग एवढंच म्हणाले, "डॉक्टर बाई आहे का गडी?" गडी आहे म्हटल्यावर म्हणाले, "रोवणी आटपू दे, मग जाऊ." सोनोग्राफीची तारीख घेतली आहे. बाळालाही त्याच दिवशी सर्जनना दाखवते.