लॉगरमधून मोर्स तुटक जातं, त्याबद्दल

तुम्ही लिहिलंय की हॅम रेडिओवर पॅडलने (हाताने मोर्स पाठवायच्या कळीने) मोर्स स्वच्छ जातं, पण लॉगरमधून (संपर्कांची नोंद ठेवणाऱ्या कॉम्प्युटर सॉफ्टवेअरमधून) तयार मेसेजसाठी एफ१ दाबलं की मधलंच अक्षर बिघडतं. म्हणजे रिगचं (रेडिओ सेटचं) कीइंग, सिग्नल चालू-बंद करणारा भाग, ठणठणीत आहे, रिग उघडू नका!

मिनिटाला २५ शब्दांच्या वेगाला एक डिट (मोर्समधलं टिंब) अवघा ४८ मिलिसेकंदांचा. सॉफ्टवेअर सिरीयल पोर्टची डीटीआर लाइन चालू-बंद करून तो घडवतं, आणि नेमकं तेव्हाच विंडोज दुसऱ्या कामात गुंतलं की डिट ताणला जातो. माझ्याकडे एका स्वस्त यूएसबी-सिरीयल केबलवर ५ च्या पाच डिटांपैकी शेवटचा लांबून डॅश व्हायचा आणि चक्क ४ ऐकू यायचा. समोरचा बिचारा सिग्नल रिपोर्टचे आकडे पुन्हा पुन्हा विचारायचा, फार वाईट वाटायचं.

आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा, सिग्नल बाहेर न सोडणारा रेझिस्टर), मग अँटेनावर ५ वॅटला आणि शेवटी पूर्ण पॉवरला तोच मेसेज पाठवून बघा. फक्त अँटेनावर, पॉवर वाढवल्यावरच बिघडत असेल तर केबलमध्ये आरएफ, म्हणजे तुमच्याच ट्रान्समीटरची रेडिओ ऊर्जा, शिरतंय. दोन्ही टोकांना फेराइटवर (आरएफ अडवणाऱ्या चुंबकीय कड्यावर) केबलचे पाच-सहा वेढे घ्या. सगळीकडे सारखंच बिघडत असेल तर सरळ विनकीअर (मोर्स घडवणारं वेगळं छोटं उपकरण) लावा. त्यात टायमिंग त्याचा स्वतःचा मायक्रोकंट्रोलर सांभाळतो, कॉम्प्युटर फक्त अक्षरं पुरवतो. माझा प्रश्न त्यानेच कायमचा सुटला.