पाव इंच जाडीचा सुरा: रानात कामाचा की नुसता मिरवायचा?

जांबोटीकर

मेव्हण्यानं परदेशातून येताना चेक-इन बॅगेत घालून एक जाडजूड सुरा आणला. घडी होणारा नव्हे. पातं आणि मूठ एकाच पट्टीतून कापलेली, पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळे प्रतिसाद ब्रँडवरच येतात. का-बार कंपनीचा बेकर बीके-२ हा सुरा ज्यांना माहीत आहे त्यांना अंदाज येईल: सव्वापाच इंच पातं, पाव इंच जाडी, वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, १०९५ कार्बन पोलाद, वर काळा खरबरीत लेप. माझा त्याच जातीचा.

पावसाळ्यात शेतघरावर वापरायला काढला. आमच्याकडं आषाढात बाहेरचं सरपण हाताला ओलं लागतं, चुलीत घातलं की नुसता धूर. ऐनाचा मनगटाएवढा ओंडका उभा धरला, त्याच्या डोक्यावर सुरा आडवा ठेवला आणि पाठीवर दांडक्यानं ठोकत गेलो. पातं निम्मं आत गेलं आणि ओंडका करकरत उकलला. बाहेरून काळपट, चिंब; आत कोरडं ठणठणीत. त्याच फाकेच्या कडेवरून मुठीजवळच्या धारेनं ढलपे काढले, त्यावर चूल पेटली. नंतर कुंपणाच्या खांबातला गंजलेला खिळा पात्यानं उचकटला. पातं तसूभर वाकलं नाही.

आता दुसरी बाजू. काकडी चिरायला घेतली तर चिरत नाही, फुटते. कांद्याचे काप जाड येतात. बांबूवर घाव घालायला पातं आखूड पडतं, तिथं कोयताच लागतो.

माझं मत असं, की कोयत्याच्या जागी हा येत नाही, पण पावसात रानात जाणाऱ्याच्या पिशवीत एकच हत्यार ठेवायचं तर हे ठेवावं. पटत नसेल तर बोला.

ऊसवाला_चिकोडी

काय गा जांबोटीकर, लाकूड फोडायला सुरा, आणि सुरा चालवायला वर दांडका! मग कुऱ्हाडीनं काय घोडं मारलंय? एका घावात दोन फाका. तू बसून टकटक ठोकालायस.

आमच्या फडात येऊन बघ. तोडणीवाला दिवसभर वाकून असतोय. ऊस बुडातनं, जमिनीला चिकटून तोडायचा, कारण साखर बुडक्यात जास्त. वर सोडलेलं बुडूक म्हणजे शेतकऱ्याचंबी नुकसान, कारखान्याचंबी. त्याच्या हातातला कोयता पातळ नि हलका का असतोय? घाव पात्याच्या वेगानं बसतोय, जाडीनं नव्हे. तुझा अर्धा किलोचा ठोकळा दिला तर दुपारपातूर मनगट जाईल त्याचं. जाड पातं ज्याला रोज काम नाही त्यानं घ्यावं.

जांबोटीकर

दादा, फडात हा न्यायचा असं मी कुठं म्हटलं? कुऱ्हाड चांगलीच, पण पाठीवर जेवणाचा डबा, पाणी, इरलं घेऊन कणकुंबीकडच्या चढावर जायचं तर कुऱ्हाड कोण नेतो? आणि कोयत्याला टोक नसतं. भोक पाडायला, दोर सोडवायला, सालीखालचा डिंक काढायला टोक लागतं.

खानापूरची सून

ढलपे वगैरे सगळं ठीक. यानं फणस कापून दाखवा, मग मानते.

आमच्याकडं मे महिन्यात फणस फोडायचा म्हणजे विळीला नि हाताला आधी खोबरेल चोपडायचं, नाहीतर चीक बसतो आणि जाता जात नाही. तुमच्या पात्याला तो खरबरीत लेप आहे म्हणता. त्या खरबरीतपणात चीक बसला तर रॉकेल लावून घासत बसा. आमच्या सासूबाईंची विळी घासून घासून गुळगुळीत झाली आहे, तिला चीक धरतच नाही. गंज लागू नये म्हणून लेप द्यायचा आणि त्याच लेपामुळं पातं अडकायचं, हे मला तरी उलटं वाटतं.

आणि एक. यांच्याकडंही असला एक आहे (ऑनलाइन मागवलेला). वर्षातले अकरा महिने कपाटावर. बाराव्या महिन्यात मित्र आले की खाली.

उद्यमबाग_फिटर

बाराव्या महिन्याचं जोरात लागलंय.

पण दोन्हीकडचे लोक जाडीवर भांडालेत म्हणून लिहितो. पट्टीची ताठरता जाडीच्या घनात वाढते. मोरा कंपनीचा गारबर्ग सुरा ३.२ मिमी आहे, बीके-२ जवळपास ६.३५. म्हणजे जाडी दुप्पट, पण बाकी सगळं तेच धरलं तर वाकायला आठपट जोर लागणार. जांबोटीकरांचा खिळा उचकटताना पातं हललं नाही त्याचं कारण एवढंच. त्यात पोलादाची जादू काही नाही. लवचिकतेचा आकडा सगळ्या पोलादांचा जवळपास सारखाच असतो. पोलाद चांगलं की वाईट ते धार किती टिकते, तुकडा उडतो का, गंजतं किती, यावर कळतं.

काकडी फुटते ती मात्र धारेमुळं नव्हे. धारेच्या लगेच मागं पातं किती जाड आहे, ते बघा. धार वस्तऱ्यासारखी लावली तरी मागून पाचर शिरते, म्हणून काकडी उकलते. लाकडाला पाचर हवीच, काकडीला नको. एकाच पात्यात दोन्ही मागाल तर कुठंतरी सोडावं लागणार. माझ्या मते रानात ४ ते ५ मिमी भरपूर झालं. पाव इंच म्हणजे सुऱ्याच्या वेषातली पहार.

शहापूरकर

फिटर साहेब बरोबर बोलले, पण खरं कारण कुणी सांगेना. बेळगावात कॅम्पातल्या कमांडो ट्रेनिंगच्या गोष्टी ऐकत आपली पोरं मोठी झाली. त्यात भर यूट्यूबची. तिकडं जंगलात एकटा माणूस सुऱ्यानं झोपडी बांधतोय, इकडं आमचा पोरगा गच्चीवर बसून मोबाइलच्या खोक्याची चिकटपट्टी कापतोय. चोर्ल्याला वर्षाविहाराला जाणाऱ्या गाड्या बघा. सुरा कमरेला, आणि चहा-भजी टपरीवर. असल्या सुऱ्याची पहिली छाप नेहमी चांगलीच पडते. जड वस्तू हातात आली की माणसाला आपण कामाचे वाटतो. वर्षानं लिहा, मग वाचू.

जांबोटीकर

वर्षानं लिहीनच. पण गच्चीवरच्या पोराचा राग माझ्या सुऱ्यावर का? जीप घेऊन फक्त बाजारात जाणारेही आहेत, म्हणून जीप चिखलात निरुपयोगी ठरत नाही.

रानवाट

तुम्ही सगळे जाडीवर, आणि कायद्यावर कुणीच बोलत नाही. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेले आहेत. सव्वापाच इंच म्हटल्यावर जांबोटीकरांचा सुरा त्या मापाच्या आत आहे. चिकोडीच्या दादांचा कोयता मोठा असला तरी शेतीचं अवजार.

पण भीमगडात हे चालत नाही. ते २०११ पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३१: आगाऊ लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन जायचं नाही. आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत सुरी आहे, इंचांचं माप नाही. गार्डनं अडवलं तर ‘सर, नऊ इंचांच्या आतला आहे’ म्हणून उपयोग नाही. ओला ओंडका फोडून चूल पेटवायची हौस असेल तर ती स्वतःच्या शेतात. अभयारण्यात पडलेलं लाकूडही आपलं नव्हे.

म्हणून ‘पिशवीत एकच हत्यार’ हा मुद्दा मला पटत नाही. ज्या रानात तुम्हाला त्याची गरज वाटते, नेमकं तिथंच नेता येत नाही.

जांबोटीकर

कायद्याचं मान्य, आणि लिहिलंत ते बरं केलंत. माझं रान म्हणजे मालकीचं शेत आणि त्याला लागून असलेली वडिलोपार्जित काजूची बाग. तिथं गार्ड नाही, पाऊस आहे, आणि घरापासून लांब आहे. कोयत्याची मूठ तिथं मला तापदायक होते. पाऊस थांबला की लाकूड आक्रसतं, कडी सैल, पातं मुठीत खुळखुळतं. मग पाण्यात भिजत घाला. एकसंध पट्टीला ती कटकट नाही.

खानापूरची सून

मूठ सैल झाली तर पाचर मारायची, दोन मिनिटांचं काम. तुमच्या १०९५ ला आमच्या पावसात गंज किती येतो ते सांगा. मेव्हण्यांनी चामड्याचं म्यान दिलं असेल तर त्याला जुलैत बुरशी येणार, आणि ओल धरून पातं आतल्या आत तांबडं होणार.

जांबोटीकर

म्यान प्लास्टिकचं आहे, खाली पाणी जायला भोक आहे. लेपाखाली काही झालं नाही. धारेवर लेप नसतो, तिथं एका रात्रीत तांबूस रेघ आली हे खरं. शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवला की जाते. खोबरेल लावत नाही, थंडीत गोठतं आणि नंतर चिकट होतं. फणसाचं मात्र तुम्ही म्हणता तेच होणार, त्यामुळं त्या वाटेला जाणार नाही.

ऊसवाला_चिकोडी

असुदे सगळं. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा घेऊन लोहाराकडं जावा. भाता मारून, ठोकून, पाणी देऊन (तापलेलं पातं विझवून) असाच सुरा देतोय तो, पाहिजे त्या जाडीचा. धार गेली की परत त्याच्याकडनं शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून धार काढून, आणायचा. तुझ्या परदेशी सुऱ्याची धार गेली की मेव्हण्याला फोन करणार काय?

उद्यमबाग_फिटर

दादा, या बाबतीत मी अर्धा तुमच्याकडं. पाट्याचं पोलाद उत्तम, लाखो वेळा वाकून सरळ व्हायलाच बनवलेलं. पण जुना पाटा लाखो वेळा वाकूनच मोडीत आलेला असतोय. त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असतात. लोहार तापवून ठोकतो तेव्हा कळत नाही, पाणी देताना किंवा नंतर दांडका मारल्यावर टक्कन दोन तुकडे. विळा-खुरप्याला चालतंय, कारण त्यावर कुणी ठोकत नाही. जांबोटीकर ठोकणार. त्यांनी पाटेवाल्याकडनं नवीन पानाचा उरलेला तुकडा घ्यावा.

दुसरं, पाणी. हे पोलाद तेलात विझवायचं, पाण्यात नव्हे; पाण्यात तडकायची भीती. लोहार रंग बघून अंदाज करतो, अनुभवी माणूस बरोबर ओळखतो, पण भर उन्हात रंग नीट दिसत नाही. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की ७७०° सेल्सिअसच्या पुढं गेलं समजायचं, तिथनं अजून थोडं तापवायचं. विझवल्यावर परत साधारण २००°ला तास-दोन तास ठेवायचं, तिथं बरेच जण घाई करतात. ते केलं नाही तर धार काचेसारखी, खिळ्याला लागली की तुकडा.

शहापूरकर

म्हणजे शेवटी लोहारच जिंकला.

उद्यमबाग_फिटर

कोण जिंकला बघायला मी आलो नाही. ट्रकचा पाटा पाच मिमीपेक्षा बराच जाड असतोय, घासून पाचावर आणायला ग्राइंडरवर बराच वेळ जाणार, आणि घासताना निळा पडू द्यायचा नाही, पडला तर तिथला कडकपणा गेला. एवढी मजुरी धरली तर तयार सुरा फार महाग वाटणार नाही.

जांबोटीकर

दादा, तरी करून बघायचा विचार आहे. पाच मिमी, सहा इंच पातं, लेप नको, म्हणजे फणसवाल्यांचीही सोय. लोहार तुमच्या ओळखीचा देता का? तेलात विझवायला तयार असला पाहिजे.

ऊसवाला_चिकोडी

देतो की. पण तेल तू आण, तो पाणीच वापरतोय. आणि घेताना धारेवर कानस फिरवून बघ. घसरली तर पैसे दे, चावली तर परत भट्टीत घाल म्हण. आपला माणूस आहे, रागवायचा नाही.