व्हिजिबिलिटी टाइमआउट लांब असावा की आखूड?

टिळकवाडी, बेळगाव
ॲमेझॉनच्या एसक्यूएस या संदेशांच्या रांगेच्या (क्यूच्या) सेवेत उचललेला संदेश जितका वेळ इतरांना दिसत नाही, तो व्हिजिबिलिटी टाइमआउट; तेवढ्यात संदेश पुसला नाही तर तो पुन्हा दिसू लागतो. हा टाइमआउट मूळच्या 30 सेकंदांवर तसाच सोडणे हा निष्काळजीपणा आहे; तो निदान तासाभराचा असावा, असे माझे ठाम मत आहे. गेल्या गाळप हंगामात सीमाभागातील एका साखर कारखान्याच्या काटा-पावत्या आम्ही क्यूमधून शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाठवीत होतो. वर्कर, म्हणजे क्यूतले संदेश हाताळणारा प्रोग्रॅम, एका दमात 10 संदेश उचलत असे आणि प्रत्येकाला सुमारे 6 सेकंद लागत. पण दहाही संदेशांचे घड्याळ उचलल्या क्षणीच सुरू होत असल्यामुळे पाचवा हातावेगळा होईतो उरलेले पाच क्यूत पुन्हा दिसू लागत आणि दुसरा वर्कर तेच उचलून नेई. चिकोडीकडच्या एका शेतकऱ्याला एकाच खेपेच्या तीन पावत्या गेल्या, आणि ते तीन खेपांचे बिल मागायला कार्यालयात आले. टाइमआउट 1 तास केला आणि तक्रारी थांबल्या.

निपाणी
रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार झाला. एका वेळी दोनच संदेश उचलले असते तरी काम भागले असते. आमचा वर्कर कारखान्याच्या आवारातील संगणकावर चालतो. तिथे वीज गेली की हातातला संदेश आपल्या हिशेबाने पुढचा तासभर कोणालाच दिसणार नाही. शिवाय बिघडलेला संदेश तीन प्रयत्नांनंतर डेड लेटर क्यूत (फसलेले संदेश बाजूला ठेवण्याच्या क्यूत) टाकायचा असे ठरवले असेल, तर तो तिथे पोहोचायलाच तीन तास जातील. त्यापेक्षा टाइमआउट मिनिटभराचा ठेवावा आणि काम चालू असेतोवर वर्करने स्वतःच तो वाढवून घ्यावा. मायक्रोसॉफ्टच्या अझूर सर्व्हिस बस या तशाच सेवेमध्ये तर संदेशावरील लॉक, म्हणजे तो इतरांपासून राखून ठेवण्याची मुदत, एका वेळी 5 मिनिटांपेक्षा जास्त ठेवताच येत नाही, नूतनीकरण करावेच लागते.

टिळकवाडी, बेळगाव
मुदत वाढवणारा धागा (थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचा समांतर चालणारा भाग) जिवंत आणि मुख्य काम मात्र एसएमएस सेवेच्या उत्तराची वाट पाहत अडकलेले, हे आपण पाहिलेले दिसत नाही. अशा वेळी एसक्यूएसची 12 तासांची कमाल मर्यादा येईपर्यंत संदेश अडून राहतो, म्हणजे माझा तासच बरा म्हणायचा. लॅम्डा या छोटे प्रोग्रॅम (फंक्शन) चालवणाऱ्या ॲमेझॉनच्या सेवेसाठी तर क्यूचा टाइमआउट फंक्शनच्या टाइमआउटच्या किमान सहापट ठेवा, असे ॲमेझॉनच सांगते.

निपाणी
30 सेकंदांच्या फंक्शनची सहापट 3 मिनिटे होते, तास नव्हे. आणि बाहेरच्या सेवेला केलेल्या प्रत्येक विनंतीला स्वतःची मुदत घातली नसेल, तर तो दोष क्यूच्या माथी मारू नये.

खानापूर
टाइमआउट नीट बसवला की संदेश एकदाच हाताळला जाईल, हे आपण दोघेही गृहीत धरत आहात. एसक्यूएसची साधी क्यू संदेश किमान एकदा पोहोचवण्याची हमी देते, एकदाच पोहोचवण्याची नव्हे. फिफो क्यूतील (संदेश आलेल्या क्रमाने देणाऱ्या क्यूतील) पुनरावृत्ती टाळण्याची 5 मिनिटांची सोयही पाठवणाऱ्याच्या बाजूची आहे. वर्करचा वेळ संपला की तिथेही संदेश पुन्हा हाती येतो. म्हणून काटा-पावतीचा क्रमांक डेटाबेसमध्ये एकमेव ठेवून आधी तिथे नोंद करावी, नोंद आधीच असेल तर संदेश गुपचूप पुसून टाकावा.

टिळकवाडी, बेळगाव
नोंद झाली आणि एसएमएस जाण्याआधी वर्कर कोसळला, तर पुढच्या वेळी आपला प्रोग्रॅम तो संदेश पुसून मोकळा होईल आणि शेतकऱ्याला पावतीच मिळणार नाही. तीन पावत्यांपेक्षा ही चूक मोठी, कारण तिच्याबद्दल विचारायला कोणी येत नाही.

खानापूर
हा आक्षेप रास्त आहे. नोंदीला ‘घेतली’ आणि ‘पाठवली’ अशा दोन अवस्था द्याव्यात आणि ‘पाठवली’ दिसल्यावरच संदेश पुसावा. क्वचित एखाद्याला दोन एसएमएस जातील, ते मी सोसेन. बिलात मात्र खेप एकदाच धरली जाईल.

निपाणी
त्या रचनेत आखूड टाइमआउटची भीती उरत नाही, एवढे तरी मान्य करावे.

टिळकवाडी, बेळगाव
दोन अवस्था यंदा घालतो. टाइमआउट 15 मिनिटांवर आणतो, मिनिटावर नाही.