मदत हवी आहे: पहिलं सिझर, दुसरी नॉर्मल होऊ शकेल का? (३४ वा आठवडा)

निशिगंध
वहिनीसाठी विचारतेय. वय २९. पहिली डिलिव्हरी माहेरी, पावणेतीन वर्षांपूर्वी. बाळ पायाळू म्हणून कळा सुरू व्हायच्या आधीच सिझर केलं. या खेपेला बाळाचं डोकं खाली आहे, वार वरच्या बाजूला, शुगर-बीपी ठीक. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, एकदा सिझर झालं की पुढचंही सिझरच, अडतिसाव्या आठवड्यातली तारीख घेऊन टाका. वहिनीला नॉर्मल हवी आहे. आई म्हणते, पोटावरचा टाका आडवा आहे म्हणजे काळजी नाही. खरं काय? आणि दिवस भरूनही कळा आल्या नाहीत तर?

रात्रपाळी
आईंना सांगा, पोटावरच्या टाक्यावरून काही ठरत नाही. कातडीवरचा छेद आडवा आणि आत पिशवीवरचा उभा, असं होऊ शकतं. पिशवीच्या खालच्या पातळ भागात आडवा छेद असेल तरच नॉर्मलचा विचार करायचा. डिस्चार्ज कार्डावर 'एलएससीएस' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तोच, पण तेवढ्यावर थांबू नका. ऑपरेशनची सविस्तर नोंद वेगळी असते, तिची झेरॉक्स माहेरच्या हॉस्पिटलमधून मागवा. त्यात छेद वरच्या बाजूला वाढवावा लागला का (टी किंवा जे आकाराचा), बाजूला फाटला होता का, हे बघा.

तुमच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं. पायाळू बाळ दिवस भरण्याच्या बरंच आधी काढावं लागलं, तर पिशवीचा खालचा भाग पुरेसा तयार झालेला नसतो आणि छेद वर न्यावा लागू शकतो. पहिलं बाळ कितव्या आठवड्यात झालं?

'एकदा सिझर की कायम सिझर' हे वाक्य १९१६ मधलं आहे, न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांचं. त्या काळी छेद पिशवीच्या वरच्या जाड भागात उभा घेत. तो व्रण कळांमध्ये उसवायचा, म्हणून तेव्हा ते योग्यच होतं.

निशिगंध
३८ आठवडे पूर्ण झाले होते. नोंद मागवते. यश-अपयशाचे आकडे कुणी सांगेल का?

रात्रपाळी
खालचा आडवा छेद, एकच सिझर, हे धरून: नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या ७२ ते ७५ जणींची होते. आधी एखादी नॉर्मल झालेली असेल तर ८५ ते ९०. पहिलं सिझर कशासाठी झालं यावर खूप अवलंबून असतं. पायाळूसाठी झालेलं कारण या वेळी उरलेलंच नाही, त्यामुळे शक्यता ८० च्या वर. कळा येऊनही पिशवीचं तोंड उघडलं नाही म्हणून झालं असतं तर ६०-६५ म्हटलं असतं. दोन बाळंतपणांत दीड-दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर आहे, हेही चांगलं.

धोका म्हणजे जुना व्रण उसवणं: कळा आपणहून आल्या तर साधारण २०० मध्ये एक. ठरवून केलेल्या सिझरमध्ये तो जवळपास नसतो. पण खरा त्रास होतो तो प्रयत्न फसून ऐनवेळी सिझर करावं लागलं तर. रक्तस्राव, जंतुसंसर्ग सगळं त्या गटात जास्त. म्हणून यशाची शक्यता आधी नीट जोखायची.

तिसरं मूल हवं असेल तर उलट बाजूही बघा. वार खाली, पिशवीच्या तोंडावर आली आणि आधी एक सिझर असेल, तर ती व्रणात रुतून बसण्याची शक्यता ११ टक्के. दोन सिझरनंतर ४०, तीननंतर ६१ टक्के.

भूलथापा
भूलतज्ज्ञ या नात्याने वेगळा मुद्दा. व्रण उसवला तर बाळ बाहेर काढायला हातात थोडी मिनिटं असतात, तासभर नाही. म्हणून 'नॉर्मल करता का' यापेक्षा हे विचारा: रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ इमारतीत असतो की फोन करून बोलवावा लागतो? ऑपरेशन थिएटरची माणसं? त्या गटाचं रक्त जवळ आहे का? बाळाचे ठोके मशीनवर सलग लावून ठेवतात की अर्ध्या तासाने नर्स येऊन ऐकते? बालरोगतज्ज्ञ?

भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून येणार असेल, तर तिथले डॉक्टर सिझरच म्हणतात त्यात त्यांचं काही चुकत नाही. अशा वेळी डॉक्टरशी वाद घालू नका, जागा बदला. मेडिकल कॉलेजचं किंवा मोठं जिल्हा रुग्णालय बघा. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११ पासून) नॉर्मल आणि सिझर दोन्ही मोफत, रक्त आणि औषधंही.

पाठीतलं वेदनाशामक इंजेक्शन चालतं. व्रण उसवल्याची पहिली खूण बहुधा बाळाचे ठोके घसरणं हीच असते. दोन कळांच्या मध्येही न थांबणारं दुखणं, लाल रक्तस्राव, कळा एकदम बंद पडणं, खाली आलेलं डोकं पुन्हा वर सरकणं याही खुणा.

निशिगंध
व्रणाची जाडी मोजणारी सोनोग्राफी करायला सांगितलीय. आणि कळा न येण्याचं राहिलं.

रात्रपाळी
किती मिलिमीटर म्हणजे सुरक्षित, यावर सर्वमान्य आकडा नाही. केली तर करा, एकट्या त्या रिपोर्टवर निर्णय नको.

कळा: घाई नाही. ठरवून सिझर करायचं तरी ३९ आठवडे पूर्ण होऊ द्या. आधी केलं की बाळाला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता वाढते. ही अडतिसाव्याची तारीख मात्र मला पटलेली नाही. ४० नंतर तपासणी करून ठरवतात. कळा आणायच्या झाल्या तर उसवण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. त्यातल्या त्यात फोलीचा फुगा (पिशवीच्या तोंडात नळी घालून फुगवतात तो) बरा. ऑक्सिटोसिनचं सलाईन अनुभवी हाताखाली, मोजून. मिझोप्रोस्टॉलची गोळी व्रण असलेल्या पिशवीला नको म्हणजे नको, कितीही छोटा डोस असो. घरी एरंडेलही देऊ नका. जुलाब-उलट्यांनी बाई गळून जाते, आणि कळा आल्याच तर त्या आपल्या ताब्यात नसतात.

निशिगंध
नोंद मिळाली. खालचा आडवा छेद, वाढवलेला नाही. शहरातल्या मेडिकल कॉलेजला नाव घालतोय.

रात्रपाळी
छान. नोंदीची एक प्रत फाइलच्या पहिल्या पानावरच लावा, आणि फाइलवर तीन गोष्टी लिहून घ्या: कळा आपणहून आल्या तर काय, ४१ पर्यंत आल्या नाहीत तर काय, बाळ पुन्हा पायाळू फिरलं तर काय. ३६ व्या आठवड्यात डोक्याची दिशा पुन्हा तपासा. नियमित कळा लागल्या किंवा पाणी गेलं की घरी वाट न बघता निघायचं, आणि निघतानाच लेबर रूमला फोन करून 'आधीचं सिझर आहे' हे सांगायचं.

भूलथापा
कळा लागल्यावर जड जेवण नको, पाणी घोटघोट चालेल. वाटेत वडापावही नको.