‘जाचक’ शिक्षा, ‘चिथावणी’ आणि ‘रागाच्या भरात’

पागोळी
न्यूयॉर्क राज्याच्या २०१९च्या एका कायद्यावरचं टिपण मराठीत करायचं आहे. कायदा थोडक्यात असा: घरातल्याच माणसाकडून शारीरिक, लैंगिक किंवा मानसिक छळ सोसत असताना एखाद्या व्यक्तीच्या हातून गुन्हा घडला, त्या छळाचा गुन्ह्यात मोठा वाटा होता आणि नेहमीची शिक्षा ‘अन्ड्यूली हार्श’ ठरेल, असं न्यायाधीशाला पटलं तर तो कमी शिक्षा देऊ शकतो. आधीच आठ वर्षं किंवा जास्तीची शिक्षा झालेल्यांनाही अर्ज करता येतो. मात्र छळाचे किमान दोन पुरावे लागतात, आणि त्यातला एक तरी कोर्टाचा, पोलिसांचा किंवा इस्पितळाचा कागद, नाहीतर छळ पाहणाऱ्याचं शपथेवरचं निवेदन, अशातला हवा.

‘अन्ड्यूली हार्श’ला मी ‘जाचक शिक्षा’ लिहिलं. संपादकांनी खोडून ‘कठोर’ केलं. म्हणे जाचक अटी असतात, शिक्षा नसते. आणि प्रोव्होकेशनला, म्हणजे मारणाऱ्याला भडकवणाऱ्या समोरच्याच्या वागण्याला, ‘चिथावणी’ चालेल का? मुंबईच्या पेपरांत सर्रास तेच असतं, पण कानाला खटकतं.

कानामात्रा
संपादक बरोबर, कारण चुकीचं. त्याच वाक्यात नवऱ्याचा जाच आहे. शिक्षाही जाचकच म्हटलीत तर वाचणाऱ्याला कोण कुणाला जाचतंय ते कळणार नाही. पण ‘कठोर’ही नको. आपल्याकडे मोर्च्यातली मागणीच ‘कठोरात कठोर शिक्षा करा’ अशी असते; कठोर म्हणजे योग्य, हे डोक्यात बसलंय. ‘अवाजवी कठोर’ लिहा. ‘अन्ड्यूली’ गाळू नका, अख्खा कायदा त्या एका क्रियाविशेषणावर उभा आहे.

चिथावणीला तीन माणसं लागतात: एक चिथावणारा, दुसरा चिथावला जाणारा आणि तिसरा, ज्याचं डोकं फुटतं. नवरा बायकोला मारतो तेव्हा तो तिला स्वतःविरुद्ध ‘चिथावणी’ देतो काय? दंगलीच्या बातमीत शोभतो तो शब्द.

शेवटची लोकल
चिथावणे हे चेतवणे याचंच रूप असावं. आग चेतवतात तसं माणसाला. मग तिसऱ्या माणसाची अट कशाला?

कानामात्रा
‘त’चा ‘थ’ कुठल्या नियमाने केलात?

वकिलीकोट
शब्दाआधी खाने वेगळे करा, नाहीतर टिपण चुकेल.

आपल्याकडे वाटा दोन. पहिली खाजगी संरक्षणाची: जुन्या दंड संहितेतली कलमं ९६ ते १०६, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेतली ३४ ते ४४. इथे मनात भीती असते. कोर्टाला पटलं तर गुन्हाच झाला नाही, बाई सुटली. दुसरी वाट खुनाच्या व्याख्येतल्या अपवादांची, जुनं ३००, नवं १०१. त्यातला पहिला अपवाद ‘गंभीर आणि आकस्मिक’ प्रोव्होकेशनचा. इथे मनात राग असतो. पटलं तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो, सुटका नाही. दोहोंच्या मधला अपवाद दुसरा: संरक्षणाचा हक्क होता, पण वापरताना सद्भावनेनं का होईना, मर्यादा ओलांडली गेली. तोही सदोष मनुष्यवधच.

आता शिक्षा. खुनाला (कलम १०३) फाशी किंवा जन्मठेप, तिसरा पर्याय नाही. न्यायाधीशाला कितीही कणव आली तरी त्याखाली उतरता येत नाही. सदोष मनुष्यवधाला (१०५) पहिल्या भागात (हेतू असेल तर) जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं, दुसऱ्या भागात (हेतू नाही, नुसती जाणीव) १० वर्षांपर्यंत. जुन्या ३०४मध्ये ती ५ वर्षांची खालची मर्यादा नव्हती, नव्यात घातली. न्यूयॉर्कचा न्यायाधीश छळ पाहून शिक्षा खाली आणू शकतो. खुनाच्या कलमात आपल्याला ती सोय नाही. म्हणून इथली लढाई शिक्षेवर होत नाही, कलमावर होते.

आणि कुणीतरी ‘जन्मठेप म्हणजे १४ वर्षं’ लिहिणार, त्याआधीच सांगतो: जन्मठेप म्हणजे उरलेला जन्म, हे १९६१च्या गोपाळ गोडसे प्रकरणापासून ठरलेलं आहे. १४ वर्षं म्हणजे खुनासारख्या गुन्ह्यात त्याआधी सोडता येत नाही, ती हद्द.

रकाना
कोटसाहेबांचे दोन खाने लक्षात ठेवून कुठल्याही फौजदारी कागदातला ‘रागाच्या भरात’ हा साचा बघा. बाई बोलते ते असं असतं: ‘जीव घाबरा झाला’, ‘आता हा सोडत नाही असं वाटलं’, ‘हाताला लागलं ते घातलं’. कागदावर येतं: ‘रागाच्या भरात डोक्यात वरवंटा घातला’. ‘रागाच्या भरात’ या दोन शब्दांत भीतीची वाट बंद, रागाची उघडली. मारहाण रात्री आणि वरवंटा पहाटे असेल तर ‘आकस्मिक’ नाही म्हणून तीही बंद.

पोलिसांपुढची कबुली तिच्याविरुद्ध चालत नाही (पुरावा कायद्याचं जुनं २५, नवं २३), हे खरं. पण शेजाऱ्यांच्या जबाबांत तोच साचा उतरतो, दोषारोपपत्रात जातो, जामिनाच्या वेळी सरकारी वकील तोच वाचतो. पुढे उच्च न्यायालयासाठी इंग्रजी करणारा ‘इन अ फिट ऑफ रेज’ लिहून मोकळा. तोवर मूळ ‘जीव घाबरा झाला’ कुठेच उरलेलं नसतं.

पागोळी
मग खाजगी संरक्षणाच्या कलमांतल्या ‘अ‍ॅप्रिहेन्शन’ला भीती की आशंका?

वकिलीकोट
धास्ती. ‘वाजवी धास्ती’. कलम ४० (जुनं १०२) सांगतं की हल्ल्याचा प्रयत्न किंवा धमकी यातून धास्ती निर्माण झाली की हक्क सुरू, प्रत्यक्ष गुन्हा अजून घडलेला नसला तरी. आणि धास्ती टिकते तोवर हक्क टिकतो. भीती वाटते आणि जाते, धास्ती घेतली की ती मुक्कामाला राहते. इथे मराठी शब्द इंग्रजीपेक्षा सरस आहे. (धास्ती ‘दहशत’वरून आली असं मला वाटतं. कानामात्रा, थांबा, भांडण नंतर.)

अडतं कुठे? कलम ३७ (जुनं ९९). सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ होता तर हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. नवरा झोपला होता ना, मग ठाण्यात का नाही गेलीस, हा प्रश्न तिथून येतो.

रकाना
गेलेली असते हो. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, झालेली असते. साधी मारहाण (११५ पोटकलम २, जुनं ३२३) अदखलपात्र, म्हणून एनसीच्या वहीत दोन ओळी: ‘किरकोळ कारणावरून बाचाबाची’. कुणाच्या दृष्टीनं किरकोळ? पण त्या एनसीची नक्कल घेऊन ठेवलेली असेल तर तोच कागद पुढे धास्तीचा पुरावा. खाजगी संरक्षण होतं हे दाखवण्याचा भार आरोपीवर असला (पुरावा अधिनियमाचं १०८, जुनं १०५) तरी तो सरकारी पक्षाइतका जड नाही, शक्यतेचं पारडं झुकलं की पुरे. चार एनसी, दवाखान्याचे दोन केसपेपर आणि अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत नोंदवलेले जुने व्रण, याने पारडं झुकतं. तपासणीत फक्त ताज्या जखमा लिहिल्या आणि पाठीवरचे जुने वळ सुटले, तर ते नंतर कुणाला दाखवणार?

शब्दचर्चाच आहे तर ‘मुका मार’ घ्या. फुटत नाही, रक्त येत नाही, वर दिसत नाही. इंग्रजी भाषांतरात त्याचं ‘मायनर इंज्युरी’ होतं, तेव्हा मार खरंच मुका होतो. ‘ब्लंट इंज्युरी’ लिहा.

कानामात्रा
मूळ प्रश्नावर या. ‘प्रक्षोभ’ हा परिणाम आहे, कारण नव्हे. जनप्रक्षोभ उसळतो, तो कुणी करत नाही. कारणासाठी ‘प्रक्षोभण’ हवं. आणि ‘प्रक्षोभन’ नव्हे, ‘क्ष’मध्ये ‘ष’ दडलेला आहे, ‘न’चा ‘ण’ होणारच.

शेवटची लोकल
बोरिवली ते चर्चगेट एक माणूस प्रक्षोभण म्हणताना दाखवा. ‘डिवचणं’ काय वाईट आहे?

कानामात्रा
शेपटी ओढून कुत्र्याला डिवचतात. दहा वर्षं पट्ट्यानं मारणं म्हणजे डिवचणं?

वकिलीकोट
कारणापेक्षा विशेषण जास्त छळतं. ‘आकस्मिक’. नानावटी खटला आठवा, मुंबईचाच; नौदल अधिकाऱ्यानं बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या तो. १९६१ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बायकोची कबुली आणि गोळीबार यांत साधारण तीन तास गेले, तेवढ्यात राग निवायला वेळ होता. पण त्याच निकालात हेही आहे की मेलेल्याच्या आधीच्या वागण्यातून तयार झालेली मनाची पार्श्वभूमी विचारात घेता येते. पहिलं सगळ्यांना पाठ, दुसरं वकीलसुद्धा विसरतात. १९८९ला मद्रास उच्च न्यायालयाने सुयंबुक्कनी प्रकरणात त्याला नाव दिलं, ‘सस्टेन्ड प्रोव्होकेशन’. इंग्लंडमध्ये छळणाऱ्या नवऱ्याला जाळणाऱ्या किरणजीत अहलुवालियाची खुनाची शिक्षा १९९२ला अपिलात रद्द झाली, ती मात्र प्रोव्होकेशनवर नव्हे, तिच्या मानसिक अवस्थेच्या नव्या पुराव्यावर. पुढे त्यांनी २००९च्या कायद्याने प्रोव्होकेशन हा बचावच काढून टाकला. आता ‘लॉस ऑफ कंट्रोल’, आणि तो अचानकच असला पाहिजे अशी अट नाही.

पागोळी
मग ‘सस्टेन्ड’ला? सातत्यपूर्ण? दीर्घकालीन?

रकाना
‘धुमसता’. वर राख, आत निखारा. सातत्यपूर्ण म्हटलं की सरकारी योजना वाटते.

कानामात्रा
धुमसतो तो राग. परत रागाच्याच खान्यात टाकलंत की. आत्ताच सांगत होतात ना, भीती असते म्हणून?

रकाना
दोन्ही असतं. खाने कायद्याने केलेत.

शेवटची लोकल
एक कुणीच विचारलं नाही. ‘खाजगी’ संरक्षण का? सरळ ‘स्वसंरक्षण’ म्हणा.

वकिलीकोट
स्व पुरत नाही. कलम ३५ (जुनं ९७) दुसऱ्याच्या शरीराचं आणि मालमत्तेचंही रक्षण करू देतं. बाप आईला मारतोय आणि मुलगा मध्ये पडला, तर ते स्वसंरक्षण नव्हे. ‘बचावाचा हक्क’ म्हणावं तर बचाव पक्षाशी गोंधळ.

शेवटची लोकल
निदान ‘खासगी’ तरी लिहा. खास, त्यावरून खासगी. होळकरांची ‘खासगी’ होती, राणीच्या हातातली स्वतंत्र मिळकत. ‘खाजगी’ हा अपभ्रंश.

कानामात्रा
अपभ्रंश म्हणून टाकायचं ठरवलं तर तुमच्या वाक्यात क्रियापद उरणार नाही. दोन्ही रूढ आहेत.

पागोळी
म्हणजे ‘अवाजवी कठोर’ आणि ‘धुमसता प्रक्षोभ’ ठेवू? उद्या दुपारपर्यंत द्यायचंय.

कानामात्रा
प्रक्षोभ नव्हे, प्रक्षोभण. आणि लोकलराव, ‘स’चा ‘ज’ कसा झाला ते अजून सांगितलेलं नाहीत.