एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं १७९८ सीसी इंजिन बांधलंय, पहिला स्टार्ट कसा द्यावा?

प्रश्न: कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), टॅपेट (त्यावर टेकून हलणारे ठोकळे), पिस्टनच्या रिंगा सगळं नवं. सुरू करून तासभर आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) ठेवू?

उत्तर १: अजिबात नको! आयडलला कॅमवर तेल पुरेसं उडत नाही. कॅमचे उंचवटे (लोब) आणि टॅपेट एकमेकांना खातात. आधी स्पार्क प्लग काढून स्टार्टर मारा, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. इंजिन सुरू होताच २०००-२५०० आरपीएम, थोडं वरखाली करत २० मिनिटं. तेल झिंकवालं (झिंक झीज रोखतं) मिनरल २०डब्ल्यू-५०; सिंथेटिक इतक्यात नकोच.

प्रश्नकर्ता: काटा ढिम्म हलत नाही.

उत्तर २: ऑइल पंप कोरडा असणार. बांधताना त्यात तेल ओढायला मदत म्हणून व्हॅसलिन भरलं नव्हतं ना? ब्लॉकच्या मागून ऑइल कूलरला जाणारा पाइप सोडा, तिथून तेल ओता, पुन्हा स्टार्टर. काटा उठेपर्यंत प्लग लावू नका.

उत्तर ३: नंतर रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबा-सोडा. लोडशिवाय रिंगा सिलिंडरला नीट बसत नाहीत.