अतिनील की जंबुपार? आणि त्याने हवा 'शुद्ध' होते का?

रानजाई:
एका एअर प्युरिफायरच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय, दोन ठिकाणी अडलंय. यूव्ही-सी किरणांना मी अतिनील लिहिलं तर बाबांनी, ते निवृत्त शिक्षक, खोडून वर 'जंबुपार' लिहून ठेवलं. ते एक असो. खरी पंचाईत 'अतिनील दिव्याने हवा शुद्ध होते' या वाक्याची आहे. पंखा हवा आत ओढतो, ती दिव्याजवळून जाते, 254 नॅनोमीटरचे किरण जंतूंचा डीएनए बिघडवतात आणि त्यांची वाढ थांबते, एवढंच. धूळ, धूर त्या दिव्याने जात नाही, त्याला फिल्टरच लागतो. मग शुद्ध कसं म्हणू? आणि निर्जंतुक म्हटलं तर एकही जंतू उरला नाही असं वाटतं.

मुचकुंद:
बाबांचं बरोबर आहे, विश्वकोशातही जंबुपार प्रारण अशीच नोंद आहे. तानापिहिनिपाजा आठवा, नि नंतर पा आणि जा येतात, म्हणजे निळ्याच्या पलीकडे गेलात तर पारव्यातच अडकाल. जांभळ्याच्या पार ते जंबुपार, किती नेमका शब्द, आपणच टाकून दिला.

तिरफळ:
नील म्हणजे फक्त निळा असं कुठे आहे? नीलमेघ म्हणतो तेव्हा काळासावळाच असतो ना. शाळेच्या पुस्तकात अतिनील रुळलाय, तोच ठेवा. आणि घरात कोण अतिनील म्हणतं, पाण्याचा फिल्टर घेताना सगळे यूव्हीवालाच मागतात.

सावरीचा कापूस:
मला अतिनील खटकतो तो वेगळ्या कारणाने. ऐकणाऱ्याला 'खूप निळा' वाटतो. लॉकडाऊनमध्ये माझ्या मावसभावाने उघडी यूव्ही ट्यूब आणली आणि खोलीत लावून तिथेच लॅपटॉप घेऊन बसला, मंद निळा तर उजेड आहे म्हणाला. रात्री दोनला उठला, डोळ्यांत वाळू कोंबल्यासारखं, उघडता येईनात. फॅब्रिकेशनवाल्यांकडे याला वेल्डिंग लागलं म्हणतात, तेव्हा काही कळत नाही, काही तासांनी कळतं. जो निळा दिसतो तो किरण नव्हेच हो, हा किरण दिसतच नाही! पत्रकात हे आधी लिहा, की दिवा बंद डब्यातच हवा, झाकण उघडण्याआधी प्लग काढायचा, आणि उघडी ट्यूब असेल तर खोलीत माणूस, मांजर, कुंडी काही नको.

रानजाई:
लिहिते, नक्की. दिवा कधी बदलायचा तेही विचारलंय, पत्रकात 9000 तास आहे म्हणजे अखंड चालवला तर वर्षभर. निळा दिसतोय म्हणून चालू समजतात पण आतला जोर कमी झालेला असतो.

मुचकुंद:
झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा उग्र वास आला तर ओझोन होतोय, 185 नॅनोमीटरवाली ट्यूब असते तिच्यामुळे, ती घरात नको, छातीला त्रास होतो. पण ताई, शब्द जंबुपारच ठेवा.

तिरफळ:
ठेवा, पण वाचायचा कसा? जांभळातला ज की जीवनातला?

मुचकुंद:
जंबुद्वीपातला. जीवनातलाच.

सावरीचा कापूस:
आमच्याकडे विज्ञानाच्या बाई जांभळातलाच म्हणायच्या, स्पष्ट आठवतंय.

रानजाई:
अहो, आणि 'शुद्ध'चं काय करू? 'हवेतले जंतू कमी होतात' लिहिलं तर चालेल का?

तिरफळ:
बाई नागपूरकडच्या होत्या का?